पुण्यातील भाड्याचे घर सोडताना: साफसफाई, ताबा आणि अनामत रक्कम

पुण्यात भाड्याचे घर सोडताना अनामत रकमेवरून जे वाद होतात, ते शेवटच्या दिवशी उघडे पडत असले तरी त्यांचे मूळ बहुधा घरात पहिले पाऊल ठेवले त्या दिवशीच रुजलेले असते. भिंतीवरचा ओलीचा डाग आधीपासून होता की भाडेकरूच्या काळात पडला, चिमणी आधीच बंद होती की तेल साचून बंद पडली, या प्रश्नांचे उत्तर देणारा कागद दोघांपैकी कोणाकडेच नसतो, आणि मग ज्याच्या हातात पैसे असतात त्याचेच म्हणणे खरे ठरते. गेल्या चौदा वर्षांत मी या शहरात पाच घरे बदलली. पहिल्या घराच्या वेळी, नारायण पेठेत, तीस हजारांच्या डिपॉझिटमधून नऊ हजार रुपये ‘साफसफाई आणि रंग’ एवढ्या तीन शब्दांवर कापले गेले. ते योग्य होते की अयोग्य हे मला आजही सांगता येणार नाही, कारण घर कोणत्या अवस्थेत मिळाले होते याची माझ्याकडे एकही नोंद नव्हती. शेवटच्या दोन घरांची रक्कम मात्र हिशेबासह पूर्ण परत मिळाली. पहिल्या आणि शेवटच्या अनुभवांमधला फरक मुख्यतः नोंदीचा होता, थोडा सोड्याचा आणि घासणीचा.

करारात काय पाहावे

पुण्यात राहती घरे बहुतांशी लिव्ह अँड लायसन्स करारावर, साधारणपणे ११ महिन्यांसाठी दिली जातात. बोलण्यात आपण याला भाडेकरार म्हणतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो घर वापरण्याचा परवाना असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबतचे भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क काढताना परत करावयाच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने व्याज धरले जाते आणि ते एकूण भाड्यात मिळवून त्यावर ०.२५ टक्के शुल्क आकारले जाते. म्हणजे सरकार या रकमेवर व्याज धरते, भाडेकरूला मात्र सहसा त्यातील एक पैसाही मिळत नाही. पण त्यामुळे एक फायदा होतो, तो असा की अनामत रकमेचा आकडा नोंदणीकृत दस्तात आणि इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, येतो. ‘करारात वीस हजार दाखवू, उरलेले रोख द्या’ असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. दस्तात नसलेली रोख रक्कम परत मागताना हातात काहीच उरत नाही.

अनामत रक्कम किती असावी हे पुण्यात करारावरच ठरते आणि फ्लॅटसाठी ती सहसा दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवलेली आहे, परंतु तो नमुना आहे आणि राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे मालकापुढे त्याचा दाखला देऊन वाद जिंकता येत नाही. तरीही कोणती दुरुस्ती कोणी करावी याची जी यादी त्यात जोडलेली आहे, ती न्याय्य वाटणीचा एक बरा मापदंड म्हणून पुढे उपयोगी पडेल.

सही करण्यापूर्वी रक्कम कधी परत मिळेल हे वाक्य शोधावे. ‘घर सोडल्यानंतर’ असे मोघम लिहिलेले असल्यास त्याऐवजी ‘घराचा ताबा आणि किल्ल्या परत देतेवेळी, देय रकमा वजा करून’ असे शब्द घालून घ्यावेत. रंगकामासाठी एक ठरावीक रक्कम काहीही झाले तरी कापली जाईल, असे कलम काही मसुद्यांत असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी दंड म्हणून आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते, हे खरे असले तरी रंगाचे शुल्क हा दंड आहे की आपण मान्य केलेला खर्च आहे यावर नंतर वाद घालत बसण्यापेक्षा ते कलम आधीच काढून टाकणे शहाणपणाचे आहे. एजंट करार नोंदवण्यासाठी बायोमेट्रिकचे, म्हणजे अंगठ्याचे ठसे घेण्याचे, यंत्र घेऊन घरी आलेला असतो, त्याला पुढच्या ठिकाणी जायचे असते आणि तो ‘हा स्टँडर्ड ड्राफ्ट आहे’ असे सांगतो. त्याने दाखवलेल्या घाईला बळी पडू नये आणि मसुदा आदल्या दिवशीच मागवून घ्यावा.

पहिल्या दिवसाची नोंद

सामान आत येण्यापूर्वी, उजेड असताना, मुख्य दारापासून सुरुवात करून सगळ्या घराचा सलग व्हिडिओ काढावा. केवळ भिंती दाखवून भागत नाही. प्रत्येक नळ सोडून, फ्लश ओढून, प्रत्येक पंखा, गीझर आणि एक्झॉस्ट फॅन चालू करून, ट्रॉल्या बाहेर ओढून आणि सिंकखालचा कप्पा उघडून दाखवावे. महावितरणच्या मीटरचे वाचन आणि पाइपचा गॅस असल्यास त्याचेही वाचन जवळून टिपावे. जे खराब आहे त्याचे वेगळे छायाचित्र घेऊन त्याखाली एक ओळ लिहावी: ‘मागच्या बाथरूमच्या दाराचा खालचा भाग फुगलेला’, ‘हॉलमधील खिडकीच्या जाळीला दोन छिद्रे’. हे सगळे त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवावे, कारण स्वतःच्या फोनमध्ये पडून राहिलेली नोंद ही अर्धीच नोंद असते. घर फर्निश्ड असेल तर सामानाची यादी करारालाच जोडलेली असावी आणि त्यात ‘सोफा १’ असे न लिहिता ‘सोफा १, उजव्या हाताला कापड फाटलेले’ असे लिहिलेले असावे.

दुसरी नोंद पहिल्या पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात घेतलेले घर ऑगस्टमध्ये आपले खरे रूप दाखवते. खिडकीच्या चौकटीखाली ओल येते, वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली छताला पिवळी वर्तुळे पडतात, पुट्टीचे पापुद्रे सुटतात. ज्या आठवड्यात हे दिसेल त्याच आठवड्यात मालकाला छायाचित्रासह कळवावे. न कळवता वर्षभर राहून शेवटी ‘ती ओल तर वरूनच येत होती’ असे म्हटले, तर मालकाच्या मनात येणारा ‘मग सांगितले का नाही?’ हा प्रश्न अगदीच गैर म्हणता येत नाही.

झीज कशाला म्हणावे आणि नुकसान कशाला

भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत परत करावे, मात्र वाजवी वापरामुळे झालेली झीज त्यातून वगळावी, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यासंबंधी सांगितलेले आहे. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, तरीही करारांत जवळजवळ हेच शब्द येतात आणि माणसेही याच मापाने विचार करतात. अडचण तत्त्वाची नसते, ते आपल्या घरातल्या डागाला लावण्याची असते.

ऊन लागून पडद्यामागची भिंत आणि उरलेली भिंत यांच्या रंगात फरक पडला, तर ती झीज आहे. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर समईची काजळी आणि तेलाचा ओघळ आला, तर ते साफ करणे, आणि निघत नसेल तर तेवढा भाग रंगवून देणे, हे भाडेकरूचे काम आहे, मग पूजा कितीही नित्यनेमाने केलेली असो. ओट्यामागच्या टाइल्सवर फोडणीचा चिकट थर ही अस्वच्छता आहे, पण त्या टाइल्समधल्या जुन्या सांध्यांचा पिवळेपणा ही झीज आहे. गॅस सिलिंडरच्या बुडाचे गंजाचे गोल डाग, दिवाळीच्या पणत्यांनी बाल्कनीच्या फरशीत मुरलेले तेल, मुलांनी भिंतीवर काढलेले पाढे, दारावर चिकटवलेल्या स्टिकरचा गोंद हे सगळे भाडेकरूच्या खात्यात जाते. वरच्या फ्लॅटमधून किंवा गच्चीतून झिरपणारे पाणी आणि भिंतीच्या आत गेलेल्या पाइपची गळती हे मालकाचे आणि सोसायटीचे प्रकरण आहे. मधल्या गोष्टीही असतात: बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवले, खिडकी वर्षभर उघडली नाही आणि मागे बुरशी धरली, तर दोष दोघांमध्ये वाटला जातो, आणि अशा वेळी अर्धा खर्च उचलण्याची तयारी दाखवली तर बाकीचे बोलणे सोपे होते.

दुरुस्त्यांच्या बाबतीत वर उल्लेखिलेल्या आदर्श कायद्याची वाटणी अशी आहे की इमारतीच्या बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची सफेदी व दारे-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणे आणि वायरिंग हे मालकाकडे असते. तर सांडपाण्याच्या वाहिन्यांची सफाई, स्विच आणि सॉकेटची दुरुस्ती, स्वयंपाकघरातील जोडण्यांची दुरुस्ती आणि फुटलेल्या काचा बदलणे हे भाडेकरूकडे असते. सफेदी मालकाकडे आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण पुण्यात रंगाचा खर्च सरसकट भाडेकरूवर टाकण्याची सवय पडलेली आहे.

रंग खरोखरच भाडेकरूमुळे खराब झाला असेल तरीही पूर्ण खर्च मागणे बरोबर नव्हे. समजा एका खोलीच्या रंगकामाला ६,००० रुपये लागतात, रंग साधारण चार वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे, आत जाताना तो ताजा होता आणि भाडेकरू ११ महिन्यांचे दोन करार मिळून २२ महिने राहिला. मग ४८ पैकी २६ महिन्यांचे आयुष्य वाया गेले, आणि त्याची किंमत ३,२५० रुपये होते. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की बहुतेक मालक तो मान्य करतात, कारण त्यांनाही पुढच्या भाडेकरूसाठी खोली कधीतरी रंगवायचीच होती.

नोटिशीचा महिना

करारातील नोटिशीची मुदत आणि लॉक-इन कालावधी, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही तो काळ, तपासून घर सोडण्याचे लेखी कळवावे, आणि त्याच पत्रात साधारण तीन आठवडे आधी एकदा घर पाहून जाण्याची विनंती मालकाला करावी. या भेटीचा उपयोग फार मोठा आहे. मालकाला खरोखर कशाची चिंता आहे ते तेव्हा कळते, आणि ती पुष्कळदा आपल्याला वाटते त्यापेक्षा निराळी असते. मी एका घरात दोन दिवस भिंती पुसत बसण्याच्या विचारात होतो. मालकीणबाईंना भिंती रंगवायच्याच होत्या, त्यांचा जीव गुंतला होता तो मागच्या बाल्कनीतल्या कबुतरांच्या घाणीत. भेटीत जे ठरेल ते त्याच संध्याकाळी संदेशात लिहून पाठवावे.

शेवटच्या महिन्याचे भाडे न देता ‘डिपॉझिटमधून वळते करा’ असे परस्पर सांगण्याची पद्धत पुण्यात बरीच रूढ आहे. पूर्वीच्या कटू अनुभवातून माणसे तसे करतात हे मला समजते, तरी लेखी संमतीशिवाय हा मार्ग धरू नये, कारण त्यामुळे करार मोडल्याचा दोष आपल्याकडे येतो आणि मालकाला प्रत्येक डागाकडे भिंगातून पाहण्याचे कारण मिळते. त्याहून धोक्याचा मार्ग म्हणजे रक्कम हातात पडेपर्यंत मुदत संपल्यावरही घरात राहणे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपल्यावर घर रिकामे न करणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर खाली करून घेऊ शकतो. अनामत रकमेसाठी अडून बसताना दर महिन्याला दुप्पट भाडे अंगावर चढत असते.

साफसफाईचा क्रम

सामान हलल्यानंतर एक पूर्ण दिवस हातात राहील अशी तजवीज करावी. भरलेल्या घराची सफाई करून ठेवली तर सामान नेताना ती पुन्हा बिघडते. क्रम वरून खाली आणि आतून दाराकडे असा ठेवावा, परंतु स्वयंपाकघर सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण तेथील थर भिजायला वेळ लागतो आणि तो भिजत असताना इतर कामे होतात.

तेलकट थरासाठी महागड्या फवाऱ्यांची गरज नसते. धुण्याचा सोडा रविवार पेठेत किंवा जवळच्या किराणा दुकानातही मिळतो. तो गरम पाण्यात विरघळवून त्यात थोडा भांड्यांचा लिक्विड साबण घालावा, हातमोजे घालून हे पाणी टाइल्सवर लावावे, पंधरा-वीस मिनिटे सुकू न देता ठेवावे आणि मग घासून स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे. चिमणीच्या स्टीलच्या जाळ्या याच पाण्यात बुडवून ठेवल्या तर तेल सुटून येते. मात्र जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा लावू नये. ॲल्युमिनियम त्याने काळवंडते, आणि हाच नियम सरकत्या खिडक्यांच्या चौकटींनाही लागू पडतो. तेथे साधा साबण आणि धीर पुरेसा असतो. चिमणीखालची तेलाची वाटी रिकामी करायला माणसे हमखास विसरतात आणि मालक हमखास तीच ओढून पाहतात. ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढून मागची भिंत पुसावी, सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपवरचा गाळ साचणारा बाटलीसारखा भाग, बादली ठेवून उघडावा आणि साफ करून परत बसवल्यावर पाणी सोडून गळत नाही याची खात्री करावी. फ्रिज मालकाचा असेल तर आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्यावा आणि पुसल्यानंतर दार किंचित उघडे ठेवावे, अन्यथा आठवड्याभरात आत वास धरतो.

बाथरूममध्ये प्रश्न पाण्याचा असतो. महापालिकेचे धरणाचे पाणी येणाऱ्या जुन्या भागांत नळांवर फारसा क्षार साचत नाही, पण वाघोली, उंड्री, हिंजवडी अशा भागांत जेथे सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात, तेथे वर्षभरात टाइल्सवर पांढरा, खरखरीत थर बसतो आणि शॉवरची छिद्रे बुजतात. हा थर साबणाने निघत नाही, त्याला आम्ल लागते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचे लिंबूसत्त्व, विरघळवावे. टाइल्स आधी साध्या पाण्याने ओल्या कराव्यात, म्हणजे सांध्यांत आम्ल मुरत नाही. मग हे पाणी लावून दहा मिनिटांनी घासावे. नळाला त्यात भिजवलेले फडके गुंडाळून ठेवावे आणि शॉवरला प्लास्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून बांधावे.

आम्ल कोठे लावू नये हे त्याहून महत्त्वाचे आहे. संगमरवर, कडप्पा आणि शहाबादी फरशी हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर त्यांवर पडले तर दगडच विरघळू लागतो आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. पेठांतल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा सर्रास असतो, आणि मी पाहिलेल्या नुकसानीच्या प्रकरणांपैकी सर्वांत वाईट प्रकरण शेवटच्या दिवशी उत्साहाने केलेल्या ॲसिडच्या धुण्याचेच होते. ग्रॅनाइट आणि सिरॅमिकला ही भीती नसते. दुसरी खबरदारी जिवाची आहे: टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरिन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो घातक ठरतो, म्हणून एका वेळी एकच द्रव्य वापरावे, खिडकी उघडी ठेवावी आणि मध्ये भरपूर पाणी ओतावे.

बाल्कनीतील कबुतरांची विष्ठा कोरडी असताना कधीही झाडू नये. तिची धूळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. आधी पाणी फवारून ती पूर्ण भिजवावी, मास्क आणि हातमोजे घालून पत्र्याने खरवडावी, पिशवीत बांधून टाकावी आणि मग फरशी साबणाने धुवावी. पाणी खालच्या बाल्कनीत उतरणार असेल तर खालच्यांना आधी सांगावे. कबुतरजाळी आपण बसवलेली असेल तर ती काढायची की ठेवायची हे मालकाला विचारून ठरवावे, कारण काढली तर भिंतीत हुकांची भोके राहतात.

भिंती पुसण्यापूर्वी एका कोपऱ्यात ओले फडके फिरवून पाहावे. प्लास्टिक इमल्शन असेल तर रंग टिकतो आणि डाग निघतो. साधे डिस्टेंपर असेल तर फडक्यालाच रंग येतो आणि पुसलेला भाग उरलेल्या भिंतीवर नकाशासारखा उठून दिसतो. अशी भिंत न पुसता फक्त कोरड्या कुंच्याने जळमटे काढून सोडावी. खिळ्यांच्या भोकांबाबतही हाच विवेक ठेवावा: पांढऱ्या भिंतीतील भोके पुट्टीने बुजवून पॉलिश पेपर फिरवला तर ती दिसत नाहीत, पण फिकट पिवळ्या किंवा निळ्या भिंतीवर पांढऱ्या पुट्टीचे ठिपके भोकांपेक्षाही वाईट दिसतात, म्हणून तेथे मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

पंखे, दिवे आणि स्विचबोर्ड मेन बंद करून, बोर्ड कोरड्या फडक्याने पुसावेत. सरकत्या खिडक्यांच्या ट्रॅकमधील माती जुन्या टूथब्रशने काढावी आणि ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची पाणी जाण्याची भोके मोकळी करावीत. ती बुजली की पावसाचे पाणी उलटे घरात येते आणि त्याची ओल पुढे भाडेकरूच्या नावावर जाते. फरशी सर्वांत शेवटी पुसावी.

डीप क्लीनिंग करणारी माणसे बोलावण्यात काही गैर नाही, विशेषतः मोठ्या फ्लॅटला, पण ती काम करत असताना आपण हजर असावे, दगड कोणता आहे ते त्यांना सांगावे आणि कोणकोणत्या खोल्या व वस्तू साफ केल्या याचा उल्लेख असलेले बिल घ्यावे. ठरावीक एजन्सीकडूनच सफाई करून घ्या असा आग्रह मालक धरू लागले, तर करारात तसे लिहिलेले आहे का एवढेच विचारावे.

मागे काही सोडू नये

‘पुढच्यांना उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेली गादी, तुटके टेबल किंवा कुंड्या यांचा उपयोग कोणालाच होत नाही आणि त्या हलवण्याचा खर्च मालक कापतात. भंगारवाल्याकडे जाणारे त्याला द्यावे, चालू अवस्थेतील वस्तूंना मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गिऱ्हाईक मिळते, आणि जुने चार्जर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट हे ई-कचऱ्यात वेगळे द्यावे. घरोघरी कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंकडे ओला-सुका वेगळा करूनच द्यावा. घर सोडतानाचा दहा पोती मिश्र कचरा त्यांच्या ढकलगाडीवर लोटणे हे अन्यायाचे आहे. गरज पडल्यास त्यांना आधी सांगून, वेगळे पैसे देऊन काम करून घ्यावे.

सोसायटीच्या कार्यालयातून सामान नेण्याचा गेट पास, लिफ्ट वापरण्याच्या वेळा आणि पार्किंगचे स्टिकर परत करणे ही कामे दोन दिवस आधी उरकावीत. जिन्यातील भिंतीला कपाट घासले तर त्याचीही वसुली शेवटी अनामत रकमेतूनच होते.

किल्ल्या देण्याचा दिवस

ताबा दिवसाउजेडी आणि वीज चालू असताना द्यावा. मालक परगावी असतील तर त्यांच्या वतीने येणाऱ्याचे नाव त्यांच्याकडून संदेशाने मागवून घ्यावे आणि व्हिडिओ कॉल करून घर दाखवावे. पहिल्या दिवशी जो व्हिडिओ काढला होता त्याच क्रमाने दुसरा काढावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. वीज आणि गॅस यांची शेवटची वाचने टिपून, आतापर्यंत बिल न आलेल्या युनिटांचा अंदाजी आकडा तेथेच ठरवावा. नाहीतर ‘शेवटचे बिल येऊ दे, मग बघू’ या वाक्यावर पूर्ण रक्कम दीड-दोन महिने अडकून राहते.

त्यानंतर एका पानाची ताबा पावती करावी. तिच्यात तारीख, घराचा पत्ता, दिलेल्या किल्ल्यांची संख्या, मीटरची वाचने, पाहणीत आढळलेल्या त्रुटी आणि रकमेचा हिशेब असावा. वरच्याच उदाहरणात भाडे २२,००० आणि अनामत रक्कम ६६,००० धरली, तर हिशेब असा दिसेल: विजेचे न आलेले बिल १,३४०, एका खोलीच्या रंगाचा हिस्सा ३,२५०, ट्रॉलीचे तुटलेले चॅनेल ४५०, एकूण वजावट ५,०४० आणि परत देय ६०,९६० रुपये. दोघांनी सही करावी आणि रक्कम बँक खात्यात जमा झाल्याचे पाहूनच किल्ल्या सोपवाव्यात. मालक ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हणाले आणि कराराची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर किल्ल्या अडवून ठेवू नयेत. ताबा द्यावा, मात्र पावतीवर देय रक्कम आणि तारीख लिहून घ्यावी. करार मुदतीपूर्वी संपत असेल तर तो परस्परसंमतीने संपल्याचे वाक्यही त्यातच घालावे.

रक्कम आली नाही तर

ठरलेली तारीख उलटल्यावर आधी एक साधे, शांत पत्र पाठवावे. त्यात कराराचा दस्त क्रमांक, ताबा दिल्याची तारीख, देय रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहावी, वजावट सांगितली जात असेल तर तिची बिले मागावीत, आणि पत्र ईमेलने तसेच स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याची नोंद जपून ठेवावी. बिल न दाखवता सांगितलेला सफाईचा किंवा रंगाचा आकडा मान्य करू नये, पण बिल दाखवले आणि ते वाजवी असले तर ते स्वीकारण्याची तयारी पत्रातच दाखवावी. अशा पत्रानंतर, वकिलाची नोटीस न देताही, बरीच प्रकरणे मिटतात.

हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याने पोलीस चौकीत खेटे घालून फारसे काही निष्पन्न होत नाही. पैसे वसूल करण्याचा दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. व्हॉट्सॲपवरील संदेश आणि व्हिडिओ न्यायालयात पुरावा म्हणून देता येतात, परंतु भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून फोन बदलताना मूळ संभाषण पुसले जाणार नाही याची काळजी घ्यावी. साठ-सत्तर हजारांसाठी दावा लावण्यापूर्वी शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करावी. तेथे दोन्ही बाजूंची संमती लागते, पण तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील होत नाही. अर्जासोबत नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, रक्कम दिल्याचा बँकेचा उतारा, ताबा पावती आणि दोन्ही दिवसांचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन जावेत.